भिंतीतला स्नायू

पोटाची सोनोग्राफी करायची असली की आदल्या रात्रीपासून काही खाऊ नका, सकाळी चहासुद्धा नको, असं बजावलं जातं. बहुतेक जण ही अट निमूटपणे पाळतात. कारण कुणी विचारत नाही, आणि सांगायला तिथे कुणाला सवडही नसते. पोटातला वायू कमी असावा हे एक कारण आहेच. दुसरं कारण हा या पुस्तकाचा विषय आहे. दुधाचा कपभर चहा पोटात गेला की त्यातल्या स्निग्धांशाची खबर आतड्याला लागते आणि थोड्याच वेळात यकृताखालचं पित्ताशय आवळायला लागतं. आवळलेल्या पित्ताशयाची पोकळी लहान दिसते, भिंत जाड दिसते. मग ती भिंत सुजली आहे की नुसती आकसली आहे, हे पडद्याकडे बघणाऱ्याला छातीठोकपणे सांगता येत नाही. रिकाम्या पोटी गेलेल्या निरोगी माणसाच्या अहवालात भिंतीविषयी एकच ओळ असते: जाडी सामान्य. सामान्य म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरच्या आत. त्यातही स्नायूचा थर हा एक भागच. हे सगळं पुस्तक त्या थराविषयी आहे, आणि तो थर कधी आवळायचा, कधी सैल सोडायचा हे ज्याच्या हालचालीवरून ठरतं त्या कॅल्शियमविषयी आहे.

एवढ्याशा थरासाठी पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर मला राग येणार नाही. पित्ताशयाकडे स्नायू म्हणून बघायची आपल्याला सवयच नाही. ते आपल्या लेखी पिशवी असतं. आणि पिशवीत खडे झाले की पिशवी काढून टाकायची. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांचं म्हणणं असं होतं की पित्ताशयात खडे असतात म्हणून ते काढायचं नाही, ते खडे तयार करतं म्हणून काढायचं. पुढे दुर्बिणीचं तंत्र आलं. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली ते प्रथम वापरलं, आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी भारतातली अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आज जिल्ह्याच्या गावीही ती होते आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो. पित्ताशयावाचून त्याचं फारसं काही अडत नाही. यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त ते साठून न राहता थेंबाथेंबानं आतड्यात उतरतं. घोड्याला पित्ताशय नसतं, हरणांना नसतं, हे ॲरिस्टॉटलनंही नोंदवून ठेवलं आहे. ज्या अवयवावाचून चालतं त्याच्या कामाची चौकशी कोण करणार?

माझ्या मते ही चौकशी न करणं महागात पडतं. बहुतेक रुग्णांत, विशेषतः कोलेस्टेरॉलच्या खड्यांच्या बाबतीत, खडा ही गोष्टीची सुरुवात नसते. त्याआधी बराच काळ पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं, पित्त दाट होऊन साचत असतं, आणि ते वेळेवर बाहेर ढकलणारा स्नायू सुस्तावलेला असतो. सोनोग्राफीत दिसतो तो खडा. सुस्तावलेला स्नायू दिसत नाही. तो का सुस्तावतो, हे समजून घ्यायचं तर स्नायूच्या एका पेशीच्या आत जावं लागतं. तिथे जवळजवळ प्रत्येक प्रश्न फिरून कॅल्शियमपाशी येतो.

कॅल्शियम म्हटलं की एक गैरसमज आधी दूर करायला हवा. खडे निघाले की घरोघरी पहिला प्रश्न येतो: दूध बंद करू का? कॅल्शियमच्या गोळ्या थांबवू का? कोलेस्टेरॉलचे खडे मुळात कॅल्शियमचे नसतात. आणि या पुस्तकातलं कॅल्शियम तर आहाराशी थेट संबंध नसलेलं, पेशीच्या आतलं आहे. रक्तातलं कॅल्शियम शरीर इतक्या काटेकोरपणे सांभाळतं की एक पेला दूध जास्त किंवा कमी प्यायल्यानं स्नायूच्या पेशीला काही कळतही नाही. तिला कळतं ते पेशीपटलाच्या आतलं आणि बाहेरचं अंतर. बाहेर कॅल्शियमचे आयन साधारण एक ते दोन मिलिमोलर असतात. आत, स्नायू शांत असताना, त्याच्या दहा हजाराव्या भागाइतके. एवढी तफावत टिकवण्यासाठी पेशी अहोरात्र ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर काढत असते. म्हणून दार किंचित किलकिलं झालं, तरी आतलं प्रमाण क्षणात अनेक पटींनी वाढतं.

स्नायूच्या आकुंचनाला कॅल्शियम लागतं, हे विज्ञानाला कळलं ते लंडनच्या नळाच्या पाण्यामुळे. सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत असत. १८८२ साली त्यांनी काही निष्कर्ष छापले. नंतर लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतंच, ते नळाच्या पाण्याचं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. शुद्ध पाण्यात तेच हृदय थोड्या वेळात थांबे. रिंगर यांनी १८८३ मध्ये हे सगळं स्वच्छ लिहून टाकलं. लांगेनबुख बर्लिनमध्ये पित्ताशय कापत होते आणि रिंगर लंडनमध्ये बेडकाचं हृदय थांबवत होते, ते एकाच वेळी. आणि दोघांच्या कामाचा परस्परांशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. पुढची साठ वर्षं कॅल्शियमकडे फार कुणी वळलं नाही. लुईस हाइलब्रन यांनी १९४७ मध्ये सहकाऱ्याबरोबर स्नायूतंतूच्या आत निरनिराळे क्षार सोडून पाहिले आणि कॅल्शियमनंच तंतू आकसतो हे दाखवलं, तरी पुष्कळ जणांना ते पटायला वेळ लागला. पटलं ते १९६० च्या दशकात, टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांच्या कामानं. हाडांना जोडलेल्या स्नायूंत कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि आकुंचन सुरू होतं, हे त्यांनी उलगडलं.

आता गंमत अशी की पित्ताशयाच्या स्नायूत ट्रोपोनिनच्या वाटेनं काम चालत नाही. आतडं, रक्तवाहिन्या, गर्भाशय, मूत्राशय, सगळ्या अरेखित स्नायूंची हीच कथा. तिथे कॅल्शियमचा जोडीदार निराळा. खुद्द एबाशी यांनी या स्नायूंसाठी लायोटोनिन नावाचं प्रथिन सुचवलं होतं. ते टिकलं नाही. टिकलं ते कॅल्मोड्युलिन. १९७० साली अमेरिकेत वाय यिऊ च्युंग आणि जपानमध्ये शिरो काकिउची यांना ते मेंदूतल्या एका विकराचा मागोवा घेताना सापडलं. त्याला चार कॅल्शियम आयन चिकटले की ते आकार बदलतं आणि मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला कामाला लावतं. तो विकर मायोसिनच्या एका छोट्या साखळीवर फॉस्फेट बसवतो. फॉस्फेट बसलं की मायोसिन ॲक्टिनला धरून ओढायला लागतं. म्हणजे हाताच्या स्नायूत कॅल्शियम थेट कुलूप काढतं, तर इथे ते आधी एका विकराला जागं करतं आणि मग तो विकर काम करतो. या स्नायूचा संथपणा बराचसा इथून येतो. संथपणाचा फायदाही आहे: एकदा ताण आला की कॅल्शियम खाली उतरल्यावरही तो थोड्या ऊर्जेत धरून ठेवता येतो. पित्ताशयाला घाई कधीच नसते. जेवणानंतरची अर्धा-पाऊण तासाची मंद, एकसारखी ओढ त्याला पुरते.

फॉस्फेट बसवणारा आहे तसा काढणाराही आहे, त्याचं नाव मायोसिन फॉस्फटेज. विद्यार्थी त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, परीक्षकही करतात. पण स्नायूचा ताण शेवटी या दोघांच्या ओढाताणीतून ठरतो. रो-कायनेज नावाचा आणखी एक विकर फॉस्फटेजला दाबून ठेवतो. तसं झालं की कॅल्शियम तेवढंच असूनही आकुंचन वाढतं. ॲव्हरिल आणि अँड्र्यू सोमल्यो या दांपत्यानं अरेखित स्नायूत हे दाखवून देण्यात आयुष्य घातलं. पेशीतलं कॅल्शियम मोजलं म्हणजे ताण कळला असं समजणाऱ्याची त्यामुळे फसगत होते.

पण कॅल्शियमला हलवतं कोण? जेवणाची खबर भिंतीपर्यंत आणतं कोण? या प्रश्नाचा इतिहास मला सगळ्यात आवडतो. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांना सिक्रेटिन सापडलं आणि आतडं रक्तातून निरोप धाडू शकतं हे जगाला कळलं. पित्ताशय मात्र तेव्हा बघताच येत नव्हतं. १९२४ मध्ये सेंट लुईसच्या ग्रॅहम आणि कोल यांनी क्ष-किरणांत पित्ताशय दिसेल असं रसायन शोधलं, आणि पोटाला चीर न देता ते भरताना, रिकामं होताना पाहता येऊ लागलं. एडवर्ड बॉयडन यांनी मांजरांना आणि माणसांना अंड्याचा पिवळा बलक आणि साय खाऊ घालून पाहिली. पित्ताशय भराभर रिकामं झालं. बलकाचं ते खाणं पुढे कित्येक वर्षं रुग्णालयांत तपासणीसाठी बॉयडन यांच्याच नावानं दिलं जात होतं.

१९२८ साली शिकागोत अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी दोन कुत्र्यांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं. एकाच्या आद्यांत्रात, म्हणजे जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात, सौम्य आम्ल सोडलं तर दुसऱ्याचं पित्ताशय आवळलं. मज्जातंतूंचा प्रश्नच नव्हता. निरोप रक्तातूनच गेला होता. त्या संप्रेरकाला त्यांनी कोलेसिस्टोकायनिन हे नाव दिलं. आपण त्याला पुढे सीसीके म्हणू. (याच आयव्ही यांनी पुढे १९५० च्या दशकात क्रेबिओझेन नावाच्या कर्करोगावरच्या खोट्या औषधाचा कैवार घेतला आणि एवढी मिळवलेली प्रतिष्ठा धुळीला मिळवली. चांगला प्रयोग करणारा माणूस पुढचाही प्रयोग चांगलाच करेल याची हमी नसते.) १९४३ मध्ये मँचेस्टरच्या हार्पर आणि रेपर यांना स्वादुपिंडाला पाचक रस सोडायला लावणारं एक संप्रेरक मिळालं आणि त्याला वेगळं नाव पडलं. स्टॉकहोममध्ये योर्पेस आणि मुट यांनी डुकरांच्या आतड्यांतून हे पदार्थ शुद्ध करत नेले, आणि १९६० च्या दशकात उघड झालं की दोन्ही एकच आहेत, ३३ अमिनो आम्लांची एकच साखळी. त्यातली शेवटची आठ अमिनो आम्लं पित्ताशय आवळायला पुरेशी असतात. हेच संप्रेरक पुढे मेंदूतही मुबलक सापडलं. ती कथा वेगळी आहे आणि या पुस्तकात नाही.

सीसीके पित्ताशयाच्या स्नायूपेशीवरच्या ग्राहीला चिकटतं; शिवाय ते मज्जातंतूंच्या वाटेनंही काम करतं. ग्राहीच्या आतल्या बाजूला असलेली प्रथिनं एका विकराला चेतवतात, तो पेशीपटलातल्या मेदाचा एक रेणू तोडतो, आणि त्या तुकड्यांपैकी एक, इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट किंवा आयपी-३, पेशीद्रव्यात सुटतो. हा तुकडा पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर काढतो, हे १९८३ मध्ये श्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्ट्स यांनी दाखवलं, तेही स्वादुपिंडाच्या पेशींत. पित्ताशयाच्या अगदी शेजारच्या अवयवात एका मूलभूत नियमाचा छडा लागला, ही गोष्ट आमच्या क्षेत्रातल्या लोकांना अजूनही अभिमानाची वाटते.

साठा म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीभर पसरलेलं पटलांचं जाळं. आतला साठा आणि बाहेरचा पुरवठा यांचं नातं आपल्या शहरांतल्या घरांना सहज उमजावं असं आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी लगेच मिळतं, पण ते संपणारं असतं. नगरपालिकेच्या नळाला येणारं पाणी सावकाश येतं, पण टाकीही शेवटी त्याच्यानंच भरावी लागते. सीसीकेच्या झटक्यानं आधी आतल्या साठ्यातलं कॅल्शियम उसळतं, आणि पुढची ओढ टिकवण्यासाठी बाहेरचं कॅल्शियम पेशीपटलातल्या दारांतून आत यावं लागतं. यातली मुख्य दारं विद्युतदाबावर उघडतात. निफेडिपिनसारखी रक्तदाबाची औषधं नेमकी हीच दारं अडवतात. प्रयोगशाळेत निफेडिपिन टाकलं की पित्ताशयाच्या स्नायूची पट्टी ढिली पडते. (म्हणून कुणी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नयेत. प्रयोगाच्या भांड्यातलं प्रमाण वेगळं आणि रक्तातलं वेगळं.) साठा रिकामा झाला की त्याची खबर पेशीपटलाला मिळून निराळीच दारं उघडतात, आणि पित्ताशयाच्या पेशींत तीही काम करताना दिसली आहेत.

इथवरचं ऐकून वाचकाला वाटेल की कॅल्शियम वाढलं की स्नायू आवळतो, कमी झालं की सैल पडतो, झालं. मलाही विद्यार्थ्यांना असंच सांगायचा मोह होतो. पण १९९५ मध्ये व्हरमाँट विद्यापीठात मार्क नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमन्यांच्या स्नायूत नेमकं उलट दाखवलं. साठ्याच्या काठाशी एका बिंदूपाशी कॅल्शियमची छोटीशी ठिणगी उडते, सेकंदाच्या काही शतांशांत विझते. पेशीतलं एकूण कॅल्शियम तिच्यामुळे वाढल्यासारखं दिसतही नाही. पण ती ठिणगी उडते पेशीपटलाच्या अगदी लगत, आणि तिथे पोटॅशियमच्या मोठ्या वाहिन्या असतात. त्या उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, पेशीच्या आतली बाजू आणखी ऋण होते, आणि विद्युतदाबावर चालणारी कॅल्शियमची दारं मिटतात. तोच आयन, तोच साठा, आणि परिणाम शिथिलीकरण.

याच विद्यापीठात गॅरी मॉ यांचा गट गिनीपिगच्या पित्ताशयावर वर्षानुवर्षं काम करत होता. स्पेनमधल्या कासेरेस इथल्या एक्स्त्रेमादुरा विद्यापीठातल्या मारिया पोसो यांच्याबरोबर त्यांनी २००२ मध्ये पित्ताशयाच्या स्नायूपेशींतही या ठिणग्या आणि त्यांनी चेतवलेले पोटॅशियमचे प्रवाह आहेत हे दाखवलं. गिनीपिगच का? कारण प्रयोगशाळेतला सर्वांत लाडका प्राणी, उंदरापेक्षा मोठा पांढरा घूस-उंदीर, ज्याला सगळे रॅट म्हणतात, त्याला पित्ताशयच नसतं. शरीरक्रियाशास्त्राच्या अर्ध्याअधिक पुस्तकांचा पाया ज्या प्राण्यावर उभा आहे तो या विषयात निरुपयोगी. पित्ताशयाचं ज्ञान मागे राहिलं त्याचं हेही एक साधं, न बोललं जाणारं कारण आहे.

मॉ यांच्या प्रयोगशाळेत पुढे ओनेस्मो बालेम्बा आणि इतरांनी स्नायूचा अख्खा थर ताणून त्यात कॅल्शियमबरोबर चमकणारं रंगद्रव्य भरून पाहिलं. ही रंगद्रव्यं म्हणजे रॉजर चियन यांची देणगी. त्यांना २००८ साली नोबेल मिळालं ते हिरव्या चमकत्या प्रथिनासाठी, पण माझ्या मते १९८५ चं त्यांचं फ्युरा-२ हे रंगद्रव्य आमच्या विषयासाठी जास्त मोलाचं ठरलं. तर त्या थरात दोन निराळे खेळ दिसले. एक, अख्ख्या जुडग्यातल्या पेशी एकाच वेळी लखकन उजळतात; ही विजेच्या आवेगाबरोबर येणारी चमक. दुसरा, एका पेशीपुरत्या, शेजारणीशी ताळमेळ नसलेल्या कॅल्शियमच्या लाटा. म्हणजे उपाशी पित्ताशयसुद्धा निपचित पडलेलं नसतं. ते सतत थोडं थोडं तोललेलं असतं. २००७ मध्ये याच गटाला भिंतीत आतड्यातल्यासारख्या, ताल धरणाऱ्या पेशींचेही पुरावे मिळाले. माणसाच्या पित्ताशयातही दोन जेवणांच्या मध्ये, आतड्यातून जाणाऱ्या सफाईच्या लाटेबरोबर, थोडं पित्त बाहेर पडत असतं. त्यामुळे तळाशी साचू पाहणारा गाळ हलत राहतो.

सैल पडणं हेही काम आहे, ते आपोआप घडत नाही. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, पित्ताशयाची क्षमता मात्र ३० ते ५० मिलिलिटर. तरी ते पुरतं, कारण भिंत पाणी शोषून घेऊन पित्त पाच-दहा पटींनी दाट करते. पण त्यासाठी आधी जागा करून द्यावी लागते. २००६ मध्ये डॅलसच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की जेवणानंतर आतड्याच्या शेवटच्या भागातून एक संप्रेरक निघतं आणि पित्ताशयाला सैल पडून भरायला सांगतं. माणसातलं त्याचं रूप एफजीएफ-१९ या नावानं ओळखलं जातं. पित्ताम्लांसाठीही स्नायूवर ग्राही आहेत आणि तेही स्नायूला ढिलं करतात. आवळायला सांगणारं संप्रेरक आतड्याच्या सुरुवातीला, सोडायला सांगणारं आतड्याच्या शेवटाला: जेवण जसं पुढे सरकतं तसा हुकूम बदलतो. रचना म्हणून मला हे फार देखणं वाटतं.

देखणेपणाचा दुसरा नमुना ओडीच्या झडपेचा. रुग्गेरो ओडी यांनी पेरुजात वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच, १८८७ मध्ये, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेलं हे स्नायूचं वळं वर्णन केलं. पित्ताशय आवळताना ही झडप उघडायला हवी, नाहीतर पित्त जाणार कुठे? एकच सीसीके दोन्ही कामं करतं. झडपेच्या स्नायूवर त्याचा थेट परिणाम आकुंचनाचाच आहे, पण तिथले मज्जातंतू तेच संप्रेरक मिळताच शिथिल करणारा निरोप देतात, आणि तो भारी पडतो.

आता आजाराकडे. या पुस्तकाचं सगळ्यात लांब प्रकरण याविषयी आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठातले होसे बेहार आणि पिएरो बियांकानी यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसांच्या पित्ताशयातून स्नायूपेशी सुट्या केल्या. कोलेस्टेरॉलचे खडे असलेल्या पित्ताशयांतल्या पेशी सीसीके दिल्यावर नीट आवळत नव्हत्या. रंगद्रव्याचे, म्हणजे काळे खडे असलेल्या पित्ताशयांतल्या पेशी मात्र चांगल्या आवळत होत्या. इथेच एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. दोन्हींत खडे आहेत, दोन्हींत भिंतीला खड्यांचा त्रास आहे. तेव्हा दोष खड्यानं आणलेला नव्हे, कोलेस्टेरॉलनं आणलेला. पुढचं पाऊल तर याहून हुशारीचं. ग्राहीला वळसा घालून आतल्या पायऱ्या थेट चेतवल्या तर त्याच सुस्त पेशी व्यवस्थित आवळल्या. म्हणजे साठा ठीक, कॅल्मोड्युलिन ठीक, मायोसिन ठीक. बिघाड पेशीपटलातच होता. पित्तातलं जास्तीचं कोलेस्टेरॉल भिंतीतून झिरपून स्नायूपेशीच्या पटलात मुरलं होतं, आणि सीसीकेचा ग्राही त्यात जखडून गेला होता. प्रयोगशाळेत ते कोलेस्टेरॉल काढून घेतलं तर आकुंचन परत आलं.

व्हरमाँटच्या गटानं गिनीपिगमध्ये याला जोड दिली: कोलेस्टेरॉल मुरलेल्या स्नायूत विजेचे आवेग आणि कॅल्शियमचे प्रवाहही मंदावतात. म्हणजे निरोप दारातच अडतो आणि दारही अर्धवट उघडतं. परिणाम एकच: पित्त साचतं, गाळ बसतो, आणि त्या गाळात खड्याला जन्मायला सवड मिळते.

हे एकदा मनात बसलं की दवाखान्यात ऐकू येणाऱ्या पुष्कळ विखुरलेल्या गोष्टी एका धाग्यात येतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं, स्नायू ढिला राहतो, गाळ जमतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा निघून जातो. अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे शिरेतून अन्न घेणाऱ्या रुग्णाच्या आतड्याला अन्नाचा स्पर्शच होत नाही, सीसीके निघत नाही, पित्ताशय भरून तुडुंब राहतं. ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन दीर्घकाळ घेणाऱ्यांना खडे होतात, कारण ते सीसीकेची वाट अडवतं. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांनाही होतात, आणि अलीकडे ज्यांचा गाजावाजा आहे त्या जीएलपी-१ गटातल्या इंजेक्शनांबरोबर पित्ताशयाचे विकार थोडे वाढलेले आढळले आहेत. उपवासाबद्दल मला हमखास विचारलं जातं. कडक, निर्जळी, लांबलेला उपवास पित्ताशयाला खरोखर स्थिर ठेवतो. पण आपली एकादशी तशी कुठे असते? तुपातली, शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी पोटात गेली की पित्ताशयाच्या दृष्टीनं तो सणाचा दिवस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीला शरीरक्रियाशास्त्राचा पूर्ण दुजोरा आहे.

स्नायूची ताकद मोजताही येते. किरणोत्सारी द्रव्य पित्तावाटे पित्ताशयात पोचवायचं, मग सीसीकेचा आठ अमिनो आम्लांचा तुकडा सावकाश शिरेतून द्यायचा, आणि किती टक्के पित्त बाहेर पडलं ते बघायचं. तासाभरात ३८ टक्क्यांहून कमी पडलं तर आकुंचन कमी आहे असं धरतात. खडा नाही, पण दुखतं आहे, आणि हा आकडा कमी आहे, अशा माणसाचं पित्ताशय काढावं का, यावर शल्यविशारदांत एकमत नाही. मला विचाराल तर निव्वळ आकड्यावरून सुरी उचलणं घाईचं आहे. मधुमेह, काही औषधं, इतकंच काय पण तपासणीत इंजेक्शन किती वेगानं दिलं, यावरही तो आकडा हलतो. आकडा स्नायू किती आवळला हे सांगतो. का आवळला नाही, ते सांगत नाही.

या पुस्तकातल्या बऱ्याच विधानांमागे गिनीपिग आहे, हे वाचकानं ध्यानात ठेवावं. माणसाच्या पित्ताशयाचा तुटवडा नाही, उलट शस्त्रक्रियागृहांतून ते रोज बाहेर पडतं. पण बाहेर पडतं ते खडे झालेलं, सुजलेलं. निरोगी पित्ताशय कोण कशाला काढेल? ते मिळतं क्वचितच, यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रियेत किंवा अवयवदानात. त्यामुळे आपल्याकडे आजारी स्नायूची माहिती भरपूर आणि निरोगी स्नायूची मोजकी, आणि तुलना करताना मधली दरी प्राण्यांनी भरून काढलेली. भारतात तर आणखी एक पेच आहे. उत्तरेत गंगेच्या खोऱ्यात कोलेस्टेरॉलचे खडे जास्त, दक्षिणेत रंगद्रव्याचे जास्त. बेहार यांचे प्रयोग खरे मानले तर या दोन्हीकडच्या रुग्णांचे स्नायू निराळे वागायला हवेत. हा प्रश्न आपल्याच रुग्णालयांत, आपल्याच टाकून दिल्या जाणाऱ्या पित्ताशयांवर तपासता येईल, आणि त्याला फार महागडी सामग्रीही लागत नाही. ताण मोजायचं साधं यंत्र, ऊतक जिवंत ठेवणारं द्रावण आणि शस्त्रक्रियागृहाशी चांगला संबंध असला की सुरुवात होते.

पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिलं आहे. ज्यांनी स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं पित्ताशय काढलं आहे आणि ते काय करत होतं हे ज्यांना आता जाणून घ्यायचं आहे, त्यांनी संप्रेरकांचं प्रकरण आणि आजाराचं प्रकरण आधी वाचावं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मात्र क्रम मोडू नये; विशेषतः फॉस्फटेजचं प्रकरण गाळून आजाराकडे उडी मारू नये, कारण तिथल्या निम्म्या आकृत्या त्याच्यावर अवलंबून आहेत. पारिभाषिक शब्द जिथे मराठीत रुळलेले आहेत तिथे मराठी वापरले, जिथे दवाखान्यात आणि वर्गात इंग्रजी शब्दच चालतो तिथे तोच ठेवला. आकृत्यांतल्या पेशी मोजमापाला धरून काढलेल्या नाहीत. ठिणगी दिसावी म्हणून ती प्रत्यक्षाहून बरीच मोठी दाखवावी लागली आहे.